छाती ऐकायला साफ, पण जिना चढवत नाही
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

एचआयव्ही बराच पुढे गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात होणाऱ्या बुरशीच्या आजारांवर बरीच पत्रं आली. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं-गावं मुद्दाम गाळली आहेत; संमतीशिवाय कुणाची एचआयव्हीची स्थिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी छापली नसती. ‘पुढे गेलेला’ म्हणजे मोठ्या माणसात सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) २०० च्या खाली, किंवा सीडी४ कितीही असल्या तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतला तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचा एखादा आजार. पाच वर्षांखालचं एचआयव्हीबाधित मूलही यातच धरतात. खाली डोस दिले आहेत ते केसपेपर वाचता यावा आणि डॉक्टरांना नेमकं विचारता यावं म्हणून. दुकानातून आणून घरी सुरू करण्यासाठी नव्हेत.

प्रश्न : यजमान ४१ वर्षांचे. दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही निघाला, सीडी४ ६२. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्रात अजून नाव घातलेलं नाही. तीन आठवडे कोरडा खोकला, अधूनमधून ताप. बसलेले असले की बरे दिसतात, दुसऱ्या मजल्यावर चढून आले की बोलवत नाही. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, फोटोही साफ आहे. ओढायचा पंप दिला, फरक नाही.

हे पत्र वाचताना पहिला संशय न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचा येतो. डॉक्टर त्याला ‘पीसीपी’ म्हणतात. छाती साफ ऐकू येणं हे त्याच्या विरोधात जात नाही, उलट तो या आजाराचा नेहमीचा फसवा चेहरा आहे.

ही बुरशी श्वासनळ्यांत नसते. ती फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या बारीक फुग्यांच्या भिंतीला चिकटते आणि फुगे फेसाळ द्रवाने भरतात. नळ्या मोकळ्याच राहतात, म्हणून घरघर नाही आणि बेडकाही नाही. पंपातलं औषध नळ्या रुंद करतं. इथे नळ्यांचं दुखणंच नाही, तर फरक कसा पडणार? माणूस बसलेला असताना रक्त फुप्फुसातून सावकाश जातं, तेवढ्या वेळात प्राणवायू कसाबसा रक्तात उतरतो. जिना चढताना रक्त घाईने पुढे सरकतं आणि तो वेळ पुरत नाही. बसल्या जागी ठीक आणि जिन्यावर धाप, याचा उलगडा एवढाच आहे.

आजच करता येईल अशी एक तपासणी आहे, तिला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पुरतो. नेलपॉलिश असेल तर पुसा, हात गार असतील तर चोळून ऊब आणा. पाच मिनिटं स्वस्थ बसवून आकडा लिहून ठेवा. तो ९४ च्या खाली असेल तर पुढे काही न करता थेट मोठं रुग्णालय गाठा. ९४ किंवा जास्त असेल तर मशीन बोटालाच ठेवून घड्याळ लावून एक मिनिट खुर्चीतून उठ-बस करायला सांगा. चक्कर आली किंवा फार धाप लागली तर लगेच थांबवा. आकडा चार किंवा जास्त अंकांनी उतरला, किंवा ९० च्या खाली गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. तिथे ‘बसून ९६, उठ-बस केल्यावर ८८’ असे दोन्ही आकडे सांगा. नुसतं ‘दम लागतो’ म्हणण्यापेक्षा याला वजन आहे.

सुरुवातीला छातीचा फोटो नॉर्मल येऊ शकतो. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना घासलेल्या काचेसारखी धूसर छटा दिसते. रक्तातलं एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) बहुधा वाढलेलं असतं. बीटा-डी-ग्लुकान ही बुरशीच्या आवरणाचा अंश रक्तात शोधणारी तपासणी निगेटिव्ह आली तर पीसीपीची शक्यता बरीच कमी होते. खात्री मात्र थुंकीत किंवा दुर्बिणीने फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात बुरशी दिसली तरच होते. कोरडा खोकला असल्याने थुंकी आपोआप निघत नाही. ३ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन ती काढावी लागते. हे वेगळ्या खोलीत करतात, कारण क्षय असला तर खोकल्याबरोबर तो पसरतो. ‘कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून बघणं) का नाही केलं?’ असं विचारू नका, नेहमीच्या प्रयोगशाळेत ही बुरशी वाढतच नाही. संशय दाट असेल तर डॉक्टर रिपोर्ट यायच्या आधीच औषध सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे. औषध सुरू झाल्यावरही बुरशी काही दिवस नमुन्यात दिसत राहते, त्यामुळे निदान हुकत नाही.

क्षयाची तपासणी त्याच वेळी करून घ्या. थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट आणि लघवीची लॅम. सीडी४ ६२ असताना दोन्ही आजार एकाच छातीत नांदू शकतात. पीसीपीचे उपचार सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू व्हायला हवी, तेव्हा केंद्रातली नावनोंदणी यजमान बरे होऊन घरी येईपर्यंत लांबवू नका.

प्रश्न : पीसीपी जर बुरशी असेल तर तोंडातल्या बुरशीसाठी दिलेलं फ्लुकोनाझोल चालू आहेच की. मग सेप्ट्रानच्या एवढ्या गोळ्या कशाला?

प्रश्न चोख आहे. बहुतेक बुरशींच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. फ्लुकोनाझोल तो तयार होऊ देत नाही, अॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं दुसरं औषध त्याला धरून आवरणाला भोकं पाडतं. न्यूमोसिस्टिसच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नाही, त्या जागी कोलेस्टेरॉल आहे. कुलूपच वेगळं, म्हणून या किल्ल्या लागत नाहीत. सेप्ट्रान, म्हणजे को-ट्रायमोक्सॅझोल, तिच्या फॉलिक आम्लाच्या कारखान्यावर घाव घालतं.

या जीवाने शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवलं. १९०९-१० च्या सुमारास ब्राझीलमध्ये तो पहिल्यांदा दिसला तेव्हा दुसऱ्याच परजीवीचं एक रूप समजला गेला. पुढे कित्येक दशकं त्याची गणती प्रोटोझोआत होत होती. १९८८ मध्ये आरएनएच्या अभ्यासातून तो बुरशी असल्याचं उघड झालं. माणसातल्या जातीला आता झेक परजीवीशास्त्रज्ञ ओटो यिरोव्हेत्स यांचं नाव आहे. जुन्या पुस्तकांत ‘कॅरिनी’ सापडेल. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या साथरोग केंद्राच्या पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद आली. एड्सची छापील नोंद तिथून सुरू होते.

गोळ्यांचा हिशेब असा. दिवसाला वजनाच्या दर किलोला १५ ते २० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम लागतं. ५० किलोच्या माणसाला ७५० ते १००० मिलिग्रॅम. डबल स्ट्रेंग्थ (डीएस) गोळीत ते १६० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, एकूण सहा, आणि २१ दिवस. चिठ्ठीवर ‘डीएस’ आहे का ते बघाच. साध्या गोळीत बरोबर निम्मं औषध असतं, आणि सहा साध्या गोळ्या घेऊन ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणं म्हणजे अर्ध्या डोसावर खापर फोडणं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : बहिणीला पीसीपीसाठी भरती केलं. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन आणखी खाली गेला. आता स्टिरॉइड देताहेत. आधीच प्रतिकारशक्ती नाही, त्यात स्टिरॉइड? शिवाय नवव्या दिवशी अंगावर पुरळ आलं. औषध बदलून मागावं का?

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास तब्येत खालावणं या आजारात घडतं. मेलेल्या बुरशीचे अवशेष फुग्यांत सुटतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि सूज वाढते. स्टिरॉइड त्या सुजेसाठी आहे. रक्तातला प्राणवायूचा दाब ७० मिलिमीटरच्या खाली असेल तर ते देतात, आणि देणं योग्यच आहे. अशा रुग्णांत त्याने मृत्यू टळतात. ते औषधाबरोबरच, निदान पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. ठरलेली उतरंड अशी: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, मग ४० एकदा पाच दिवस, मग २० एकदा अकरा दिवस. या काळात साखर तपासत राहायला हवी.

अचानक एका बाजूला छातीत कळ येऊन धाप वाढली तर मात्र ‘हे होतंच’ म्हणून बसू नका. या आजारात फुप्फुस फुटून छातीत हवा साठू शकते. ताबडतोब फोटो काढायला सांगा.

औषध बदलायची घाई नको. लागू पडलं की नाही हे चार ते आठ दिवसांआधी ठरवता येत नाही. पुरळ आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास अनेकांना येतं. नुसतं खाजरं, लाल पुरळ असेल तर खाजेची गोळी देऊन सेप्ट्रान बहुधा पुढे चालू ठेवता येतं. तोंड आलं, डोळे लाल झाले, कातडीला फोड आले किंवा ती सोलायला लागली, तर पुढची गोळी देऊ नका आणि तडक डॉक्टरांना बोलवा. पर्याय आहेत. क्लिंडामायसिनबरोबर प्रायमाक्वीन हा त्यातला नेहमीचा, पण त्याआधी जी६पीडी तपासणी हवी. ते एन्झाइम कमी असलेल्यांत प्रायमाक्वीनने तांबड्या पेशी फुटतात.

आता शहाळ्याबद्दल, कारण रुग्णाच्या उशाशी ते हमखास असतं. मोठ्या डोसातलं ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर पडू देत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. रक्तातलं पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. २१ दिवस शहाळं बंद ठेवा, साधं पाणी भरपूर द्या. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आठवड्यातून निदान दोनदा बघून घ्या. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर लगेच घाबरू नका. ट्रायमेथोप्रिम आणि एआरटीतलं डोल्युटेग्राव्हिर दोन्ही, मूत्रपिंडाला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेतात.

प्रश्न : थुंकीच्या रिपोर्टात ‘कॅन्डिडा’ आलं. फुप्फुसात बुरशी झाली असं समजायचं का?

नाही. थुंकी तोंडातून येते आणि तोंडात पांढरा थर असेल तर कॅन्डिडा तिच्यात येणारच. कॅन्डिडाचा खरा न्यूमोनिया फार विरळा. धोका वेगळाच आहे. ‘बुरशी सापडली’ म्हणून शोध तिथेच थांबतो आणि खरं कारण, म्हणजे क्षय किंवा पीसीपी, राहून जातं. तोंडातला थर मात्र दुर्लक्षू नका. गिळताना छातीत दुखत असेल तर ती बुरशी अन्ननलिकेत उतरली आहे असं समजतात, आणि फ्लुकोनाझोल दोन ते तीन आठवडे लागतं.

प्रश्न : भाऊ कोलकात्याला आठ वर्षं नोकरीला होता. एचआयव्ही आहे, सीडी४ ४०. छातीच्या फोटोत बाजरी पसरल्यासारखे ठिपके, म्हणून क्षयाची औषधं सुरू केली. दोन महिने झाले, ताप जात नाही, वजन उतरतंय. सीबीनॅट निगेटिव्ह होती.

क्षय सिद्ध झालेला नाही आणि औषधांनी उतार नाही, अशा वेळी आणखी एक महिना वाट बघण्यात अर्थ नाही. औषधाला दाद न देणारा क्षय हा एक प्रश्न, तो नव्या नमुन्यावर तपासावा लागेल. दुसरा प्रश्न हिस्टोप्लाझ्माचा. ही बुरशी पक्ष्यांची विष्ठा आणि वटवाघळांची लेंडी पडलेल्या मातीत वाढते. भारतात तिचे रुग्ण गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः बंगालच्या बाजूला जास्त सापडले आहेत. फोटोतले ठिपके, ताप, सुकत जाणं, गाठी, मोठी झालेली प्लीहा, सगळं हुबेहूब क्षयासारखं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गाठीही क्षयासारख्या असू शकतात.

फरक दाखवणाऱ्या खुणा शोधा. जिभेवर किंवा टाळूला न भरणारी जखम. चेहऱ्यावर, छातीवर मध्ये खळगा असलेल्या पुटकुळ्या. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम उतरलेल्या. भाऊ मणिपूर, थायलंड किंवा व्हिएतनामकडे राहिला असेल तर तेही सांगा. तिकडे टॅलारोमायसिस ही दुसरी बुरशी असते, तिच्या पुटकुळ्याही अशाच दिसतात आणि ती राहण्याचं ठिकाण सोडल्यावर वर्षांनीही डोकं वर काढू शकते. कुठे राहिलो हे रुग्ण आपणहून सांगत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत कुणी विचारत नाही. निदान कितीदा तरी इथेच अडतं.

तपासणी म्हणजे गाठीचा, कातडीचा किंवा अस्थिमज्जेचा नमुना. इथे एक चूक फार होते. नमुना काढला की सवयीने सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि कल्चर कायमचं हुकतं. नमुना काढायच्या आधीच सांगा: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये बुरशीच्या कल्चरसाठी. कल्चरला चार ते सहा आठवडे लागू शकतात. अस्थिमज्जेच्या काचेवर उत्तर कधी कधी एक-दोन दिवसांत मिळतं. लघवीतल्या हिस्टोप्लाझ्मा अँटिजेनची तपासणी जिथे होते तिथे ती सर्वांत सोपी.

आजार तीव्र असेल तर लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन किलोमागे ३ मिलिग्रॅम रोज, साधारण दोन आठवडे. मग इट्राकोनाझोल २०० मिलिग्रॅम, तीन दिवस दिवसातून तीनदा आणि पुढे दोनदा, वर्षभर. क्षयाच्या औषधातलं रिफॅम्पिसिन चालू असताना इट्राकोनाझोल रक्तात टिकत नाही, ते घेऊन न घेतल्यासारखं होतं. दोन्ही आजार असतील तर डॉक्टरांना मार्ग बदलावा लागतो. इट्राकोनाझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. तिला शोषून घ्यायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ‘अॅसिडिटी होऊ नये’ म्हणून सोबत दिलेलं पॅन्टोप्राझोल तिचाच घात करतं. चिठ्ठीवर दोन्ही दिसली तर विचाराच.

प्रश्न : आमच्या गॅलरीत कबुतरांचा उच्छाद आहे. मुलाचा सीडी४ ८०. कबुतरांमुळे मेंदूला बुरशी होते म्हणतात. घर बदलावं का?

घर बदलू नका, आधी एक तपासणी करून घ्या. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला त्यात दोन-तीन वेगवेगळे आजार एकाच टोपलीत गेले. कबुतराच्या पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने धडधाकट माणसालाही फुप्फुसाची अॅलर्जी होते, ती बुरशी नव्हे. तुम्ही म्हणता ती क्रिप्टोकॉकस. वाळलेल्या विष्ठेतून ती श्वासावाटे फुप्फुसात शिरते, तिथे गाठ किंवा न्यूमोनिया करते, कधी काहीच खूण देत नाही, आणि सीडी४ १०० च्या खाली आलेले असतील तर मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. पण ती मातीत आणि झाडांच्या कुजक्या लाकडातही असते. लहानपणी छातीत शिरून दबून राहिलेली बुरशीही पुढे उसळू शकते. कबुतरं हाकलली म्हणजे धोका संपला, असं नाही.

क्रिप्टोकॉकल अँटिजेन, थोडक्यात ‘क्रॅग’, ही पट्टीवरची तपासणी आहे. रक्ताचा थेंब, दहाएक मिनिटं. डोकेदुखीच्या कित्येक आठवडे आधी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. सीडी४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ती एआरटीच्या आधी व्हावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पॉझिटिव्ह आली तर डोकं दुखत नसलं तरी पाठीतलं पाणी तपासायला हवं. पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो ही निव्वळ भीती आहे. उलट मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, असेल तर डोक्यातला दाब उतरवायला २० ते ३० मिलिलिटर पाणी पुनःपुन्हा काढणं हाच उपचाराचा भाग असतो; ‘नको’ म्हणणाऱ्या नातेवाइकांमुळे रुग्णाची दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

पाणी स्वच्छ असेल आणि फक्त रक्तात अँटिजेन असेल तर फ्लुकोनाझोल रोज ८०० मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ४०० आठ आठवडे, मग २०० लांबपर्यंत. मेनिंजायटिस निघाला तर एआरटी लगेच सुरू करत नाहीत, चार ते सहा आठवडे थांबतात. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकदम जाग्या होऊन मेंदूत सूज करतात म्हणून. पीसीपीत घाई आणि इथे दमानं, हा फरक लक्षात ठेवा.

गॅलरी मुलाने साफ करायची नाही. दुसऱ्या कुणीतरी एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून आधी विष्ठेवर पाणी शिंपडावं, ती पूर्ण भिजू द्यावी आणि मग खरवडून पिशवीत भरावी. कोरड्या खराट्याने झाडलं की सगळी धूळ घरात येते. नंतर जाळी बसवा.

प्रश्न : २०२१ सालची ‘काळी बुरशी’ एचआयव्ही असणाऱ्यांना जास्त होते का?

म्युकरमायकोसिसपासून मुख्यतः न्यूट्रोफिल पेशी वाचवतात, सीडी४ नव्हे. त्या वर्षी तिला वाट मिळाली ती बेसुमार वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांमुळे. एचआयव्हीबरोबर मधुमेह असेल तर साखर सांभाळा.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी पीसीपी झाला होता. तेव्हापासून रोज एक सेप्ट्रान डीएस घेतो. एआरटी नियमित, परवा सीडी४ ४१० आला, व्हायरल लोड सापडला नाही. गोळी बंद केली तर चालेल?

अजून नाही. एका आकड्यावर ती बंद करत नाहीत. आपल्याकडच्या एआरटी केंद्रांचा नियम असा की सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी४ ३५० च्या वर हवा, चढता हवा, आणि मधल्या काळात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातला आजार झालेला नसावा. तुमचा दुसरा आकडाही तसाच आला तर केंद्रातले डॉक्टर स्वतः थांबवतील. तोवर तीच एक गोळी टॉक्सोप्लाझ्मा या मेंदूत शिरणाऱ्या परजीवीलाही अडवते. सेप्ट्रान सोसत नसेल तर डॅप्सोन १०० मिलिग्रॅम रोज देतात, तेही जी६पीडी बघूनच. पुढे कधी एआरटी तुटली आणि सीडी४ पुन्हा ३५० च्या खाली आला, तर ही गोळी परत सुरू करावी लागते. केंद्राने आपणहून दिली नाही तर मागून घ्या, ती तिथे मोफत मिळते.